राण्यांचे रशियन शब्द

भिलाई
९ सप्टेंबर १९५७

बाई,

पोचल्याचं कार्ड तुला मिळालंच असेल. हे तुझ्या भावाचं पहिलं मोठं पत्र. बांना वाचून दाखव, पण मजेचा भाग गाळ. नाहीतर म्हणतील, तांड्याच्या नायकाचा पोरगा एवढ्या लांब जाऊन गोष्टी ऐकत बसला.

इथं लोखंडाचा कारखाना उभा राहतो आहे. सध्या नुसता चिखल आणि खड्डे आहेत, आणि खड्ड्यांच्या काठावर उभे राहून रशियन इंजिनिअर हातवारे करतात. आपल्या माणसांना ते कळत नाहीत. म्हणून मॅट्रिक झालेल्या पंधरा जणांना दुभाष्याचं काम शिकवायला घेतलं आहे. त्यात मी आहे, आणि माझ्या खोलीत राहणारा वाशीमचा फय्याज आहे.

शिकवायला एका इंजिनिअरची बायको येते. नाव अंतोनिना येगोरोव्ना. केस कापसासारखे पांढरे. आम्हाला वाटलं, ही क्रेन, पाना, खिळा यांचे शब्द देईल. तर पहिल्या दिवशी तिने फळ्यावर लिहिलं, 'त्सार'. म्हणजे राजा. त्याची राणी त्सारीत्सा, मुलगा त्सारेविच, मुलगी त्सारेव्ना. मग ह्या चौघांची एक गोष्ट सांगितली, निम्मी रशियनमध्ये, निम्मी तुटक्या हिंदीत. फय्याज उठून म्हणाला, "बाईसाहेब, तुमच्या देशानं राजाला काढून चाळीस वर्षं झाली. आम्हाला कारखान्याचे शब्द द्या." ती म्हणाली, "राजे गेले. गोष्टी कुठं गेल्या? क्रेनचे शब्द तुम्हाला क्रेन शिकवेल."

गोष्टीतली रयत राजाला काय म्हणते माहीत आहे? 'त्सार-बात्युश्का'. बात्युश्का म्हणजे बाप. ऐकलं आणि मला एकदम बा आठवले, लिंबाखाली घोंगडीवर बसलेले.

तुझा
दौलत


तांडा, पोस्ट किन्हीराजा
३० सप्टेंबर १९५७

दौलत,

तुझं पत्र पुंजाजीनं बाजाराच्या दिवशी आणलं. मी ते आधी विहिरीपाशी वाचलं, मंग घरी, मंग बाले वाचून दाखवलं. मजेचा भाग गाळला नाई. बा हसला. बात्युश्का म्हटल्यावर लय वेळ माझ्याकडं पाहत राह्यला.

तू शाळेतून यायचा अन् मी भाकरी थापता थापता परातीतल्या पिठात तुझं पाहून अक्षर काढायची, आठवते का? तेवढीच माझी शाळा. नवरा वारला अन् मी या घरी परत आली त्याले सहा वर्षं झाले. या सहा वर्षांत मले कोनी नवं काही शिकवलं नाई. तं हे मले बी शिकव. मले त्याचा काही उपयोग नाई, म्हणूनच शिकव.

चार शब्द पाठ झाले. त्सार म्हणजे बा. त्सारेविच तिकडं चिखलात आहे. त्सारीत्सेची जागा याडी गेली तवापासून रिकामी. त्सारेव्ना मी, डोक्यावर दोन घागरी घेतलेली. काल दुपारी ज्वारीतून येत होती. कणसं माझ्या डोक्याच्या वर गेले आहेत, आत वाऱ्याचा आवाज येते, बाहेर काही दिसत नाई. मले वाटलं, या बाजूनं बाहेर निघाली तं समोर बर्फ असंन, अन् एक मोठं दार. निघाली तं भाऊसिंगकाकाचे बैल होते.

एक विचार तुझ्या शिकवणाऱ्या बाईले. त्सारेव्नाचा नवरा मेला अन् ती बापाघरी परत आली, तं तिले काय म्हणतात?

बाची तब्येत बरी आहे. जरा कमी बोलते, एवढंच.

कमली


भिलाई
१७ नोव्हेंबर १९५७

बाई,

तुझा प्रश्न मी वर्गात विचारला. अंतोनिना येगोरोव्ना आधी हसली, मग चष्मा पुसत बसली. म्हणाली, "राजाची लेक परत आली तरी त्सारेव्नाच. ते नाव तिला बापानं दिलेलं असतं, नवऱ्यानं नाही." मग विचारलं, हा प्रश्न तुझा का? मी म्हटलं, माझ्या बहिणीचा. आता ती दर वर्गाला विचारते, बहिणीनं काय लिहिलं?

सरदारांचं मात्र वेगळं आहे. सरदार म्हणजे क्न्याज. त्याची लेक क्न्याज्ना, आणि बायको क्न्यागीन्या. कुठल्याही क्न्याज्नाचं क्न्याजशी लग्न झालं की तिचं नाव बदलतं. आणि परमुलखातल्या राजाला त्सार म्हणायचं नाही, त्याला 'करोल' म्हणायचं. त्याची राणी 'करलेवा'. करोलमधला ल कोरडा नाही. जीभ टाळूला जरा जास्त टेकवायची, जणू ल ओला झाला आहे. तोंडात गुळाचा खडा विरघळवत म्हणत राहा, जमेल.

आता फय्याजची गंमत. तो रविवारी रशियन इंजिनिअरांबरोबर बुद्धिबळ खेळतो. त्यांच्या पटावरचा राजा करोल, पण त्याच्याशेजारी राणी नाहीच. ते त्या सोंगटीला 'फ्येर्ज' म्हणतात. फय्याज ओरडला, "अरे, ये तो फर्झी है! माझे आजोबा वजिराला फर्झी म्हणायचे!" सगळे उभे राहून हसले. एक शब्द इराणातून निघून वाशीमलाही गेला आणि त्यांच्याकडेही. सगळ्यात जास्त चालतो तो वजीरच. राजा बिचारा एका घरापलीकडे जात नाही.

अजून एक. उन्हाळ्याआधी परीक्षा आहे. सहा जणांना वर्षभर रशियात पाठवणार आहेत. माझं नाव येईल असं नाही. बांना इतक्यात सांगू नकोस.

दौलत


तांडा
१२ जानेवारी १९५८

दौलत,

कापूस वेचून वेचून बोटं फुटले आहेत, म्हणून अक्षर वाकडं. करोलचा ल मले जमला. वेचताना ओळीतल्या बाया विचारत होत्या, कमली, कोनता मंत्र म्हणून राह्यली? मी म्हटलं, परमुलखाच्या राजाले बलावते. तं त्या बी म्हणाल्या. सगळं वावर करोल, करोल करत होतं. रुखमाबाईची लहान पोरगी झेली सगळ्यात चांगलं म्हणते.

दुपारी बाजवर पडली की मले तुझ्या बाईच्या गोष्टी दिसतात. डोळे मिटलेले नसतात माझे. समोर माझी घेराची फेटिया वाळत असते, तिच्यातले आरसे भिंतीवर उजेडाचे ठिपके पाडतात. वारा आला की ठिपके चालू लागतात. मले वाटते, हे बर्फावरचे दिवे आहेत, अन् एक गाडी चालली आहे घुंगराची. गाडीत बा बसला आहे लाल पागोटं घालून, अन् आमी दोघं मागं. कुठं चाललो ते कोनी विचारत नाई. बा बी त्या ठिपक्यांकडं पाहत राह्यते.

बाचा उजवा हात जरा जड झाला आहे, अन् जीभ बी. पण नसाब बसते तसंच. लिंबाखाली पंच येतात, भांडणवाले येतात. बाचं बोलणं मलेच समजते, म्हणून मी त्याच्या मागं बसते अन् मोठ्यानं सांगते. पहिल्या दिवशी भाऊसिंगकाका म्हणाला, बाई माणूस नसाबात कायले? बानं नुसतं पाह्यलं त्याच्याकडं. काका खाली बसला.

मले हे सांग. तू सांगतलेल्या सगळ्या राण्या कोनाच्या तरी बायका नाई तं लेकी. जी स्वतःच राज्य करते, तिच्यासाठी शब्द आहे का?

कमली


भिलाई
१० फेब्रुवारी १९५८

बाई,

आहे. 'प्रवीत्येल' म्हणजे राज्य करणारा. बाई असेल तर 'प्रवीत्येल्नित्सा'. म्हणताना दम लागतो, पण लिहिला की सुंदर दिसतो. आमच्या बाईने सांगितलं, त्यांच्या इतिहासात एक राजकन्या होती. भाऊ लहान होते, म्हणून त्यांच्या नावाने सात वर्षं तिने राज्य केलं. शिक्के भावांचे, शब्द तिचा. पुढं तिचं काय झालं, विचारलं तर अंतोनिना येगोरोव्ना म्हणाली, "भाऊ मोठा झाला. तिला मठात ठेवलं." आणि घंटा झाली.

तू कापूस वेचता वेचता कुठल्या कुठं जातेस, वाचून बरं वाटतं. तुझ्या पत्रांतच मला तांडा पूर्ण दिसतो.

बांचं बोलणं तू मोठ्यानं सांगतेस हेही बरं. म्हणजे तूही दुभाषीच झालीस. तर माझी एक चूक ऐक. मागच्या आठवड्यात एक रशियन इंजिनिअर आपल्या एका गवंड्यावर चिडला. म्हणाला, ही परांची अशी बांधलीस तर माणसं मरतील, आत्ता उतर, सगळं सोड. गवंडी म्हातारा, घाबरट. मला दया आली. मी सांगितलं, साहेब म्हणतात जरा नीट बांधा. तो वरच थांबून गाठी आवळत बसला आणि परांची खचली. पाय मोडला त्याचा. जीव वाचला, पण तो दवाखान्यात पडून आहे आणि मी रोज त्याच्यासमोर जाऊन बसतो. अंतोनिना येगोरोव्ना मला एवढंच म्हणाली, "दुभाष्याच्या तोंडात स्वतःचा शब्द नसतो." हे मी पाटीवर लिहून ठेवलं आहे.

दौलत


तांडा
९ मार्च १९५८

दौलत,

गवंड्याचा पाय बरा होवो. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू पाटीवर लिहिलेलं वाक्य चौथ्यांदा वाचवलं नाई.

तुले खरं लिहिते. बाले मागच्या सप्टेंबरातच लकवा झाला, तुझं पहिलं मोठं पत्र येण्याच्या चार दिवस आधी. उजवं अंग गेलं. बोलणं गेलं. 'अं' अन् 'हां', एवढंच येते. वाशीमच्या डॉक्टरले दाखवलं, तो म्हणे वाट पाहा. तुले कळवलं असतं तं तू सगळं टाकून आला असता, अन् भाऊसिंगकाकानं तुले लिंबाखाली बसवून पागोटं बांधलं असतं. मंग तुझे त्सार, करोल तिकडंच राह्यले असते. म्हणून नाई कळवलं. आता काका म्हणते, मीच लिहितो पोराले. त्याच्याआधी मी लिहिते.

रागाव, पण परीक्षा देऊन ये.

पळस फुलले आहेत. बाची बाज मी दारात ठेवते, तिथून त्याले दिसतात.

कमली


पहाडगंज, दिल्ली
२७ एप्रिल १९५८

बाई,

तुझ्या हातची शिदोरी झाशीपर्यंत पुरली. आमची सहा जणांची तुकडी परवा निघते. द्नेपर नदीच्या काठी एक गाव आहे, तिथल्या कारखान्यात वर्षभर.

घरी होतो तेव्हा तुझ्याशी भांडलो. लकवा झालेल्या बापाची बातमी सहा महिने दडवलीस, ह्याचा राग अजून गेलेला नाही. पण दुसरी गोष्ट तोंडावर बोलता आली नाही, ती लिहितो.

निघायच्या आदल्या दिवशी मी नसाबात बसलो. बैलाचं भांडण होतं. बांनी दोनदा 'अं' म्हटलं. तू सात वाक्यं बोललीस. मी मोजली, सवयच लागली आहे. फार चांगली वाक्यं होती, बाई. बांच्या तोंडी शोभली. आणि बा मान हलवत होते, म्हणून मी काही म्हणत नाही. पंचांनाही कळत नसेल असं मला वाटत नाही. त्यांना बांचा शब्द हवा आहे, तो कुठून येतो ते कोणी पाहत नाही.

पण ज्या दिवशी बा मान हलवणार नाहीत, त्या दिवशी काय करशील?

निघताना बांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि 'हां' म्हणाले. तू म्हणालीस, "जा म्हणतात." ते तरी खरंच त्यांचं होतं ना?

दौलत


तांडा
२२ जून १९५८

दौलत,

बा गेला. ज्येष्ठात, दोन जूनले, सकाळी. मी तोंड धुवायले पाणी घेऊन गेली अन् तो दाराबाहेर पाहत होता तसाच होता. तार केली नाई. तू पोचून महिना झाला होता. तार पाहून तू परत फिरला असता, अन् इथं यायलोक तेरावा बी होऊन गेला असता. हे मी एकटीनं ठरवलं. कोनाच्या तोंडचं म्हणून सांगत नाई.

आता तू विचारलेलं सांगते. तो दिवस मे महिन्यातच आला.

रुखमाबाई तुले माहीत आहे. तिचा नवरा दोन वर्षांमागं साप चावून वारला. तिचा दीर सोमला म्हणे, रुखमानं माझ्याशी पाट लावून माझं घर करावं, रीतच आहे. रुखमा नाई म्हणे, तिले भावाच्या तांड्यात इंझोरीकडं जायचं होतं. तं सोमला म्हणे, जा, पण झेली आमची. भावाची लेक आहे, आमच्या घरात राहीन. रीत तशीच आहे, दौलत. लेकरू बापाच्या घरचं.

झेली आईचा घागरा धरून उभी होती. सगळे बाच्याकडं पाहू लागले. बानं डावा हात उचलला अन् जोरानं हलवला. असा, नाई म्हणतात तसा. कोनाले नाई, ते मले समजलं नाई. की समजलं होतं, देवाले ठाऊक. बानं उभ्या जन्मात रीत मोडली नव्हती. मी म्हटलं, "बा म्हनते, पोरगी मायपाशी राहीन." बा माझ्याकडं वळला. मान हलवली नाई. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. पंच उठले. सोमला पागोटं झटकून निघून गेला. रुखमा त्याच दिवशी गेली.

दोन दिवस बानं माझ्या हातचं खाल्लं नाई. शेजारच्या नानीबाईनं भरवलं. तोंड भिंतीकडं. तिसऱ्या दिवशी नसाबाच्या वेळेले त्यानं मले 'अं' म्हणून हाक मारली अन् लिंबाकडं बोट दाखवलं. मी त्याले घेऊन गेली, नेहमीच्या जागी मागं बसली. त्यानं मले माफ केलं की दुसरं कोनी नव्हतं म्हणून बलावलं, हे मी आता कोनाले विचारू?

तू निघाला तवाचं 'हां' मात्र त्याचंच होतं. त्यात माझं काही नाई.

कमली


द्नेपरकाठ
१९ ऑगस्ट १९५८

बाई,

पत्र तीन आठवड्यांपूर्वी मिळालं. लिहवत नव्हतं.

तू मला दुसऱ्यांदा फसवलंस. माझ्या बापाला मी खांदा दिला नाही. मी परत आलो असतो तर तुझं काय बिघडलं असतं? कुणासाठी ठरवलंस, माझ्यासाठी की तुझ्या त्या त्सारेविचच्या गोष्टीसाठी? गोष्टीतला राजपुत्र दूर जातो आणि घरचे वाट पाहतात. मी गोष्टीतला नाही.

तुझ्या न्यायाबद्दल मी काही बोलणार नाही. फक्त एक विचारतो, दुभाषी म्हणून. सोमलाला तू काही विचारलं होतंस का?

इथं नदी फार रुंद आहे. संध्याकाळी मी काठावर बसतो. परवा एक म्हातारी शेजारी येऊन बसली, मी का रडतो विचारलं. मी तिच्या भाषेत सांगितलं, माझे वडील वारले. तिने हात जोडले, कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली. एकही शब्द चुकला नाही माझा. बांसाठी मी पहिल्यांदा कुणाशी तरी बोललो ते रशियनमध्ये.

पागोटं कुणाला बांधलं?

दौलत


तांडा
३० नोव्हेंबर १९५८

दौलत,

तुझा राग बरोबर आहे. त्याच्यावर मी काही लिहीत नाई. तू परत आला की समोर बसून रागाव, मी ऐकीन.

पागोटं भाऊसिंगकाकाले बांधलं. बांधायच्या आधी काका उभा राह्यला अन् म्हणे, हरिसिंगदादानं शेवटी रुखमाचा जो न्याय केला, तो आता तांड्याची रीत. पंच हां म्हणाले. मले राहवलं नाई. बाच्या डोक्यावर जे बानं घेतलं नाई, ते मेल्यावर कायले? मी बायांमधून उठली अन् म्हटलं, "तो न्याय बाचा नव्हता. बानं हात हलवला होता. बोलली मी." तू सोमलाचं विचारलेलं माझ्या मनात तवा नव्हतं, तुझं पत्र नंतर आलं.

लय गोंधळ झाला. कोनी म्हणे, वर्षभराचे सगळे न्याय खोटे. नानीबाईनं माझ्याशी बोलणं सोडलं. काकानं सांगतलं, कमलीनं नसाबात पाय ठेवायचा नाई. तीन महिने मी लिंबाच्या बाजूनं पाणी बी आणलं नाई, खालच्या झिऱ्यावर जाऊ लागली. तिथं कोनी नसते. पाण्यात आभाळ पडलेलं असते, त्याच्यात मी घागर बुडवायची अन् तुझे शब्द म्हणायची, पण ते लांब गेल्यासारखे वाटत. बर्फ दिसेना. दिसायचा तो सोमला, पागोटं झटकून चाललेला. मंग तुझं पत्र आलं, अन् मी सोमलाच्या घरी गेली.

तो दावं वळत बसला होता. मी विचारलं, "सोमला, तुले झेली कायले पायजे?" तो दावं वळता वळताच म्हणे, "तिचं हसनं पाह्यलं का? दादाचंच हाय. घरात दुसरं काहीच नाई राह्यलं त्याचं." अन् तोंड फिरवलं. दौलत, त्या नसाबात मी त्याले एक शब्द विचारला नव्हता. सारा वेळ बाच्या हाताकडं पाहत होती.

दिवाळी होऊन नसाब बसली. सोमलानं पुन्हा मांडलं. रुखमाले बलावलं होतं, ती झेलीले घेऊन आली. मी माझ्या दारात होती, दुरून दिसत होतं. काकानं दोघाईचं ऐकलं. मंग काकानं पंचाईकडं पाह्यलं. लिंबाच्या पारावर बाची जागा होती तिकडं सगळे पाहू लागले. काका म्हणे, "कमलीले आना."

मी गेली. काका म्हणे, "दादा काय म्हनला असता ते सांगू नको. तुले काय वाटते ते सांग."

मले वाटलं होतं, असं कोनी विचारलं तं तोंडातून सोनं पडंन. पण मी आधी रुखमाले विचारलं, सोमलाले विचारलं, अन् झेलीले बी विचारलं, तुले सोमलाकाकाचं घर आवडते का? ती म्हणे, "आवडते. तिथं बकरी हाय." मंग मी माझ्या आवाजात सांगतलं. झेली मायपाशी राहीन. पण दर दिवाळीले अन् रामनवमीच्या पोहरादेवीच्या मेळ्याले सोमलानं तिले घेऊन यावं, अन् पंधरा दिवस ठेवावं, अन् तिले तिच्या बापाच्या गोष्टी सांगाव्या. रुखमानं तिले अडवू नये.

रुखमाच्या तोंडावरून समजलं, तिले हे आवडलं नाई. सोमलाले बी पुरतं आवडलं नाई. पण दोघाईनं मान हलवली. काका म्हणे, "झालं," अन् दुसरं भांडण घेतलं. मले जा म्हटलं नाई, बस बी म्हटलं नाई. मी बसली. बाच्या जागेमागं नाई, बाजूले, जिथं ऊन होतं तिथं.

नसाब उठल्यावर झेली माझ्यापाशी आली. म्हणे, "तू नायकन हाय का?" मी म्हटलं, "नाई, नायक काका हाय." म्हणे, "मंग सगळ्याईनं तुझं काहून ऐकलं?"

मी तिले म्हटलं, मले बी नाई माहीत. तिले ते पटलं नाई. ती माझा हात धरून बसली, अन् सोमला बकरी घेऊन यायलोक तिथंच होती.

तुझी बाई
कमली